साडेसातशे वॉटचा जड डबा

बुवापाडा, अंबरनाथ
१२ जानेवारी २०२५

आत्या,

नमस्कार, पाया पडणं, गुडघ्याची चौकशी हे सगळं झालं असं समज, कारण विषय मोठा आहे आणि मला घाई आहे.

आधी एक. हे पत्र विनीतदादाला दाखवू नकोस. तुझ्या मोबाईलवर काही पाठवलं की तुझा लेक ते आधी वाचतो आणि मग त्याला वाटेल तेवढंच तुला सांगतो. समोर येऊन बोलायचं, तर तुझ्या कानांमुळे मला इतकं ओरडावं लागतं की तुमच्या कात्रपच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा सल्ला द्यायला वर येईल. म्हणून एका स्टेशनाच्या अंतरासाठी हे पोस्टाचं तिकीट. हसू नकोस.

मी कॉम्प्युटर बनवतेय. विकत घेत नाहीये, बनवतेय. दोन वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून एकेक भाग जमवला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळं पलंगाखाली खोक्यांत आहे. आई केर काढताना म्हणते, "ह्या घरात कॉम्प्युटर अंडी घालतो की काय?"

कारण असं. मोरिवलीला शरदचंद्र म्हणून एकांचं डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवायचं वर्कशॉप आहे. त्यांनी मला एका डायचं थ्री-डी ड्रॉइंग चाचणी म्हणून दिलंय, २८ फेब्रुवारीपर्यंत. पसंत पडलं तर ते घरी बसून करायचं काम देणार आहेत. डिप्लोमा मी त्यासाठीच केला होता, क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवायला नव्हे. पण क्लासच्या मशीनवर ते ड्रॉइंग उघडायलाच अर्धा तास लागतो.

बाबांनी अट घातलीय. म्हणाले, "बनव. पण एकदा जरी बंद पडलं ना, तर तीन मार्चपासून आमच्या कंपनीच्या स्टोअरला बसायचं. रजिस्टर लिहायचं. मी साहेबांशी बोललोय." मी हो म्हटलं. रागात म्हटलं, पण म्हटलं.

आता एकच भाग राहिलाय, एसएमपीएस. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येकाला पचेल तेवढी वाढणारा लोखंडी डबा. हा खराब निघाला तर एकटा जात नाही, बाकीच्यांना घेऊन जातो. नेटवर शंभर लोक शंभर गोष्टी सांगतात आणि सगळे एकमेकांना गाढव म्हणतात. विनीतदादाला विचारलं तर म्हणाला, "तू डोकं नको लावू, मी ऑर्डर टाकतो." क्लासचे सर म्हणाले, "घरातल्या कुणा मुलाला ने बरोबर." डोकं लावू नको, तर मग ठेवू कुठे?

आमच्या खानदानात विजेच्या वस्तू हातानं बनवलेलं एकच माणूस आहे. तू. एकतीस वर्षं ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेस. सांग, चांगला डबा ओळखायचा कसा?

तेजल


कात्रप, बदलापूर पूर्व
१८ जानेवारी

चि. तेजल,

आशीर्वाद घे, तिळगूळ घे, आणि संक्रांतीला आली नाहीस म्हणून एक धपाटाही घे. तुझं पत्र चार दिवसांनी पोहोचलं. तेवढ्यात मी गुडघ्यासकट चालत येऊन परत गेले असते.

विनीतनं विचारलं, कुणाचं पत्र? मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीचं. पुढे विचारायची त्याची टाप नाही.

तुझ्या बाबाची, राजूची अट वाचून माझं डोकं फिरलं. विनीतला बारावीनंतर मोटरसायकल दिली तेव्हा कुणी म्हटलं का, एकदा पंक्चर झाली तर विकायची आणि बैलगाडीत बसायचं? बाईमाणसाच्या कामालाच बरी अट लागते. तू हो म्हणालीस ते चुकलंच. पण आता म्हणालीस ना, मग असा डबा आण की राजूनं कान लावून ऐकलं तरी त्याला खोट सापडू नये.

ऐक. मी १९८० साली वाइंडिंगला, म्हणजे तार गुंडाळायला, लागले. खात्यात आम्ही चौदा बायका आणि डोक्यावर सगळे पुरुष. दुसऱ्याच महिन्यात बाहेरून आलेल्या मालावरून भांडण लागलं. लेबल बरोबर, कागद बरोबर, सही-शिक्का बरोबर, आणि ट्रान्सफॉर्मर तर तापतोय. मी एका हातात आमचा घेतला, एका हातात तो घेतला आणि म्हटलं, "साहेब, ह्याच्यात तांबं नाय." साहेब हसले. "का गं, तुझा हात काय काटा आहे?" मग उघडला. आत ॲल्युमिनियमची तार. त्या दिवसापासून माल आला की साहेबच ओरडायचे, "संजीवनीला बोलवा, तोलू दे." मशीनच्या आवाजानं कान गेले, पण हात गेला नाही.

तर माझा मंत्र घे. लेबल बघू नकोस. लेबल छापायला तांबं लागत नाही. डबा हातात घे, डोळे मीट आणि तोल. ज्यात लोखंड आहे, तांबं आहे, तो मनगट खाली ओढतो. ज्यात पत्रा आणि हवा आहे तो उचलला जातो. दुकानदार गोड बोलेल, बोलू दे. वजन खोटं बोलत नाही.

उल्हासनगरला जा, तिथे दहा दुकानं एका रांगेत आहेत. एकटी जा. कुणा मुलाला नेऊ नकोस.

तुझी आत्या


बुवापाडा
२६ जानेवारी

आत्या, आत्या, आत्या,

चालू झाला! पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. एक वायर लावायचीच राहिली होती. ती लावली, पुन्हा दाबलं, आणि पंखे फिरले. आज सकाळी बाहेर झेंडावंदनाची गाणी लागली होती. मला वाटलं माझ्यासाठीच लावलीत.

डब्याची गोष्ट सांगते. शुक्रवारी उल्हासनगरच्या कॅम्प तीनला गेले, एकटी. पहिलं दुकान ईश्वरदास शेठचं. सत्तरीचे आहेत, गळ्यात दोरीला चष्मा. मी पाच एसएमपीएस काउंटरवर मांडायला लावले आणि डोळे मिटून एकेक तोलायला लागले. ते म्हणाले, "बेटी, दुधी ले रही है क्या?"

त्यांनी एक साडेपाचशे वॉटचा पुढे केला. "ये ले जा साईं. सच्चा माल है." मी उचलला. हवा! मी म्हटलं, "शेठ, इसमें तो कुछ है ही नहीं." ते म्हणाले, "वजन से नहीं देखते, इधर से देखते हैं," आणि लेबलवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. मला तुझा मंत्र आठवला आणि मी चक्क हसले. म्हटलं, "मेरी बुआ ने इकतीस साल ट्रान्सफॉर्मर बनाए हैं." त्यांनी हात जोडले. "तो फिर बुआ की सुनो."

पुढे पुलाजवळ एक नवीन टपरीवजा दुकान आहे. तिथे मिळाला. साडेसातशे वॉटचा, लाल पंख्याचा, आणि जड म्हणजे काय, खरंच मनगट खाली गेलं! दोनदा तोलला. वर स्वस्तही. पोरगा पिशवी देत होता, मी म्हटलं नको, हातातच नेते.

बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले, बघितलं, म्हणाले, "एवढे दिवे कशाला?" आणि गेले. म्हणजे आवडलं.

एकच विचारायचं होतं. तासभर चालला की डबा चांगलाच तापतो आणि बारीकसा वास येतो. करपट नाही, गोडसर. नवीन आहे म्हणूनच ना?

तुझी काटा-भाची,
तेजल


कात्रप
१ फेब्रुवारी

चि. तेजल,

शाब्बास! माझा हात तुझ्या मनगटात उतरला, आता मी मेले तरी चालेल. मरणार नाही, पण चालेल.

वासाला घाबरू नकोस. कॉइलला वार्निश पाजतात, ते पहिल्या आठवड्यात तापलं की गोडसर वास सोडतं. आमच्या खात्यात तर डब्यातल्या भाकरीलाही तोच वास यायचा. आपोआप जाईल.

राहवेना म्हणून विनीतला सांगितलं. तो म्हणाला, कुठल्या कंपनीचा घेतला? मी म्हटलं, जड कंपनीचा. त्यानं कपाळाला हात लावला आणि तुला फोन करायला निघाला. मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, खबरदार. पोरीनं केलंय तर हे निघाले खोट काढायला. तुझ्या ऑफिसातल्या खुर्चीला चाकं आहेत म्हणून तुला सगळी यंत्रं कळतात असं नाही.

ड्रॉइंग कर. राजूला मधून मधून मशीनसमोरून जायला लाव.

आत्या


बुवापाडा
१२ फेब्रुवारी

आत्या,

डबा फुटला.

रविवारी, नऊ तारखेला दुपारी, बाबा पहिल्या पाळीवरून नुकतेच घरी आले होते. ड्रॉइंग निम्म्याच्या वर झालं होतं आणि मी मशीनला मोठं काम लावलं होतं, डायचे सगळे भाग एकमेकांत बसतात का ते फिरवून दाखवायचं. तीन तास चालला. मग मागून सुतळी बॉम्बसारखा आवाज, धूर, आणि आख्ख्या चाळीची वीज गेली. लोक विचारायला आले. दारात चपलांचा ढीग, जसं काही घरात कुणी गेलंय.

मदरबोर्ड जगलाय की मेलाय ठाऊक नाही. लाइट आल्यावर बाबा दोनच शब्द बोलले, "तीन मार्च."

दोन दिवस मी तो डबा प्लग काढून तसाच ठेवला, कारण आत वीज साठून राहते. काल उघडला. एका बाजूला मूठभर भाग जळालेले. आणि तळाला काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक ठोकळा, चार स्क्रूंनी बसवलेला. मी टेप सोलली.

सिमेंट आहे आत्या. मोरीला लावतात तसलं सिमेंट. ते काढल्यावर डबा ईश्वरदास शेठच्या डब्यापेक्षा हलका झाला.

मग बसून वाचलं. तुझ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खायची, म्हणून किलो किलो लोखंड लागायचं. ह्या डब्यात ती आधी चिरून लाखभर हेलकाव्यांची करतात, म्हणून सगळं एवढंएवढंसं पुरतं. चांगला एसएमपीएस फार जड असायचं कारणच नाही. आणि हे सगळ्या गावाला ठाऊक आहे की लोक हातानं तोलून घेतात, म्हणूनच तर आत सिमेंट भरतात. ते सिमेंट आपल्यासाठीच भरलं होतं. तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी.

लेबलवर वर मोठ्या अक्षरांत ७५०. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, बारा व्होल्टच्या लाइनवर अठरा अँपिअर. बाराला अठरानं गुण. दोनशे सोळा वॉट, साडेसातशे नव्हे. चोरानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं आणि मी वाचलं नाही, कारण तू म्हणालीस लेबल बघू नकोस. शेठनी बोट ठेवून दाखवलं आणि मी त्यांना हसले. वासाचं विचारलं तर तू म्हणालीस वार्निश. विनीतदादा फोन करत होता तर तू फोन हिसकावलास.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, चिडू कुणावर? पण मी चिडलेय. तुझ्यावर चिडलेय, खूप. उत्तर पाठवू नकोस.

तेजल


कात्रप
१८ फेब्रुवारी

चि. तेजल,

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस. पाठवतेय. हट्ट काय तुझ्या एकटीच्याच वाट्याला आलाय?

चूक माझी. डबा माझ्या शब्दावर घेतलास, वासाला मी खोटं नाव दिलं, विनीतचं तोंड मी बंद केलं. तिन्ही चुका माझ्या. ह्याच्यापुढे 'पण' लिहून मी वाक्य लांबवणार नाही.

काल विनीत ऑफिसला गेल्यावर दाराला कुलूप घातलं आणि उल्हासनगरला गेले. बरोबर एक वही घेतली, पेन घेतलं. ईश्वरदास शेठचं दुकान शोधलं. वहीत लिहिलं, "दुधीसारखे डबे तोलणाऱ्या मुलीची आत्या मी." त्यांनी चष्मा लावून वाचलं, पोटावर हात ठेवून हसले आणि मला स्टूल दिलं. मग त्यांनी हिंदीत लिहिलं, "लडकी ठीक है?" आधी मशीनचं नाही विचारलं, तुझं विचारलं. मी लिहिलं, ठीक आहे, चिडली आहे. त्यांनी लिहिलं, "अच्छा है."

एक चांगल्या जातीचा बंद पडलेला डबा त्यांनी माझ्यासमोर उघडला. आतला ट्रान्सफॉर्मर काढून माझ्या तळव्यावर ठेवला. लिंबाएवढा. मी डोळे मिटले, तोलला, आणि हाताला काहीच कळेना. तेजल, मला त्या दुकानात रडू आलं. कान गेले तेव्हा मी रडले नव्हते. एकतीस वर्षं ज्या हातावर आख्खं खातं भरवसा ठेवायचं, तो हात कधीच जुना झाला होता आणि मी मात्र तोच तुझ्या गळ्यात बांधला.

शेठ पाणी घेऊन आले. वहीत लिहिलं, "आपके टाइम में आप सही थीं." मी खाली लिहिलं, "पोरीच्या टायमात चुकले." त्यांनी वही मिटली.

मी नवा डबा घेऊन तुला पाठवू शकले असते. हात पर्सपर्यंत गेलाही होता. मागे घेतला. एकदा माझ्या हातानं निवडलास, त्याचं काय झालं ते बघितलंस. आता तुझ्या डोक्यानं निवड. शेठ म्हणालेत, मदरबोर्ड आणि कार्ड घेऊन ये, तपासून देतो.

आणि तीन मार्चला स्टोअरला जाऊ नकोस. राजूला मी आजच दुसरं पत्र टाकलंय. त्याचा राग आला तर येऊ दे. माझ्यावर चिडायला तुला जमलं, त्याच्यावरही जमेल.

आत्या


बुवापाडा
२२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. मला पत्र लिहायची सवय नाही. कंपनीच्या कागदाच्या पाठीवर लिहितोय, चालवून घे. फोन तुला ऐकू येत नाही आणि विनीतच्या मार्फत मला बोलायचं नाही.

तू लिहिलंस, चूक माझी आणि शिक्षा पोरीला का? तू लिहिलंस, मला पोरीचं चांगलं चाललेलं बघवत नाही, आपल्या बापासारखा, अप्पांसारखा झालो. हे मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं.

तिनं तुला एक गोष्ट लिहिली नसणार. डबा फुटला तेव्हा ती मशीनसमोरच होती. धूर बघून ती लांब पळाली नाही, बंद करायला मागच्या बटणावर हात घातला. उजव्या हाताची करंगळीकडची तीन बोटं भाजली. मेन स्विच पाडताना माझ्या हातातून दोनदा निसटला. तिला डॉक्टरकडे नेलं तर रस्ताभर म्हणत होती, "बाबा, आत्याला सांगू नका, तिला लागेल." मशीनचं आणि ड्रॉइंगचं नंतर आठवलं तिला.

तीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा आहे. माझ्या बाजूच्या मशीनवरची दोन माणसं बोटं घालवून घरी गेली. तुझे कान गेले. आता पोरीनं तरी टेबलावर बसून रजिस्टर लिहावं, पंख्याखाली बसावं, असं मला वाटलं तर मी वाईट झालो का? मशीनचं मला काही नाही. चांगलं बनवलं होतं तिनं. मी रोज बघत होतो.

अट तिनं मान्य केली होती. शब्द तो शब्द. साहेबांना मी हो सांगून बसलोय.

राजू


कात्रप
२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

राजू,

बोटांचं वाचलं. पोर माझी आहे, कळलं ना तुला? माझ्यावर चिडलेली असताना मला लागेल म्हणून बोटं लपवते.

तू वाईट नाहीस. तू घाबरलायस. मग तसं म्हण ना! 'पोरी, मला भीती वाटते,' एवढं म्हणायला तुझ्या तोंडाला काय झालं? भीतीला अटीचा सदरा घालून कशाला उभी करतोस? भीती ऐकून ती तुझ्याशेजारी बसली असती. अट ऐकून तिनं रागानं हो म्हटलं.

आणि अप्पांचं मी उगाच लिहिलं नाही. माझा कामाचा पहिला दिवस. अप्पांनी माझ्या चपला कुठंतरी दडवल्या आणि ओट्यावर जाऊन बसले. म्हणाले, "आता जा कशी जातेस ती." मी अनवाणी निघाले. मोरिवलीच्या त्या रस्त्यानं, मे महिन्यात. वडाच्या पुढे गेले तर मागून तू पळत आलास, दहा वर्षांचा, चड्डी सावरत, दोन्ही काखांत एकेक चप्पल. "ताय, घाल लवकर, अप्पा बगल." संध्याकाळी तू मार खाल्लास आणि कुठं सापडल्या ते सांगितलं नाहीस.

तो राजू कुठं गेला रे? कान गेले माझे, ते कामानं गेले. तू चपला दिल्यास म्हणून गेले असं मी कधी म्हटलं का? उलट पंचेचाळीस वर्षं तुझं नाव घेऊन चालले.

साहेबांना दिलेला शब्द तुझा आहे, तिचा नाही. तो तू मोड. मोडायला तुला लाज वाटत असेल तर माझं नाव सांग. म्हण, बहीण बहिरी आहे, कुणाचं ऐकत नाही.

ताई


बुवापाडा
९ मार्च

आत्या,

बोटं बरी आहेत. कातडी नवी आलीय, गुलाबी. बाबांनी तुला सांगितलं हे मला काल आईकडून कळलं. मी तुझ्यावर अजून थोडी चिडलेली आहे, पण तू उल्हासनगरला एकटी जाऊन आलीस हे वाचून निम्मा राग उतरला आणि लिंबापाशी आले तेव्हा मी रडले. उरलेला राग ठेवून देते, लागेल कधीतरी.

सगळं क्रमानं सांगते.

२३ तारखेला मी कागद घेऊन बसले. प्रोसेसरला पासष्ट वॉट, कार्डाला एकशेतीस, बाकीच्यांना साठ. दोनशे पंचावन्न. डब्याला कायम निम्म्या ताकदीवर चालवावं, धापा टाकायला लावू नये. दुप्पट पाचशे दहा, म्हणजे साडेपाचशेचा डबा. दुसऱ्या दिवशी शेठकडे गेले. आधी म्हटलं, "शेठ, उस दिन हँसी थी, माफ करना." ते म्हणाले, "वो छोड, उंगली दिखा." बोटं बघितली, मग बोर्ड तपासला. बोर्ड जगलाय, कार्डही. रॅमची एक पट्टी मेली, एक आहे.

त्यांनी तोच पहिला साडेपाचशेचा डबा पुढे केला. मी लेबल वाचलं, बारा व्होल्टवर अडतीस अँपिअर, म्हणजे चारशे छप्पन्न वॉट. शेजारी दुसरा होता, त्यावर पंचेचाळीस, म्हणजे पाचशे चाळीस. दोन्हींची पाठ, वॉरंटी, सगळं वाचलं. अर्धा तास लागला, मागे गिऱ्हाइकं खोळंबली. मी पंचेचाळीसवाला उचलला. शेठ म्हणाले, "वो पहलावाला मैं दस साल से बेचता हूँ. बुआ से पूछ लिया?" मी म्हटलं, "बुआ से भी नहीं, आप से भी नहीं." त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, लेबल वाचलं आणि बिल फाडलं.

एका रॅमवर मशीन हळू चालतं, तरी चाललं. शरदचंद्रांकडे मुदत वाढवून मागितली तर म्हणाले, अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. डाव्या हातानं माउस धरून काम केलं. अठ्ठावीसला संध्याकाळी ड्रॉइंग दिलं. ते "बघतो" म्हणाले.

म्हणजे तीन मार्च उजाडला तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. आईनं जेवणाचे दोन डबे भरले होते. बाबा बूट घालून दारात उभे. "चल."

मी मशीनसमोर बसले होते. उठले नाही. म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर आहे. मशीन बंद पडलं, अट मी हरले. तरी मी येत नाही. अट मोडतेय."

"साहेबांना काय सांगू?"

"सांगा, मुलगी ऐकत नाही."

"आणि पुन्हा फुटलं तर?"

"पुन्हा उघडीन. पुन्हा बनवीन. तुम्हाला भीती वाटत असेल तर समोर बसा, पण मला उठवू नका."

एवढं मी बाबांना जन्मात कधी बोलले नव्हते. बाबांनी दोन्ही डबे उचलले, माझाही, आणि निघून गेले. चार दिवस घरात एक शब्द नाही. तुझं पत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. आईनं धुण्याआधी काढलं आणि धुतलेल्या शर्टात परत ठेवलं. मी वाचलं नाही.

शुक्रवारी बाबांच्या कंपनीला सुट्टी, ते घरीच. दुपारी शरदचंद्रांचा फोन आला. मापात दोन चुका आहेत म्हणाले, एक तर शाळेतल्या पोरानं करू नये अशी. चांगले झापले. मग म्हणाले, दुरुस्त करून संध्याकाळपर्यंत पाठव, आणि सोमवारी येऊन दुसऱ्या डायचे कागद घेऊन जा. मी फोन ठेवला आणि आईला मिठी मारली. बाबा खाटेवर पडून पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही.

संध्याकाळी मी त्या चुका काढत होते. मशीन सगळ्या ताकदीनं चाललं होतं, पंखे घुमत होते. मागे बाबा येऊन उभे राहिले. एका हातात शनिवारचा युनिफॉर्म, दुसऱ्या हातात इस्त्री, वायर गुंडाळलेली. आमच्याकडे प्लग एकाच भिंतीला आहेत, तुला माहीतच आहे.

बाबा म्हणाले, "इस्त्री लावली तर चालेल का गं? तुझ्या मशीनला काही होणार नाही ना?"

मी मागे न बघता म्हटलं, "थांबा. अजून दहा मिनिटं."

आणि आत्या, बाबा इस्त्री हातात धरून दहा मिनिटं उभे राहिले.

तेजल